तिचं शिफारसपत्र मी लिहिलं

इंग्रजीत मी व्यवस्थित लिहिते. शाळेपासून सगळ्यांनी हेच सांगितलंय. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, पण कागदावर मी कुणालाही काहीही पटवू शकते. म्हणून हे मराठीत लिहितेय. मराठीत मला तेवढी सफाई नाही.

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी सरांच्या लॅबमध्ये आम्ही दोघी होतो, मी आणि ती. कॉलेज दादर स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर. लॅब म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली. एसी होता, पण तो कोपऱ्यातल्या सर्व्हरसाठी होता, आम्हाला त्याची हवा उरलीसुरली लागायची. मी गिरगावातली, कॉन्व्हेंटमधली, एकुलती एक. ती नायगावच्या बीडीडी चाळीतली, दहावीपर्यंत मराठी शाळेतली. ती मोठ्याने बोलायची, मोठ्याने हसायची. दुकानात, ऑफिसात, सरांसमोर, सगळीकडे दोघींच्या वतीने तीच बोलायची. मला ते फार सोयीचं होतं. आमच्या मैत्रीत माझ्या बाजूने सगळ्यात खरं काही असेल तर ती ही सोय.

आमचं काम होतं म्हाताऱ्या माणसांचं मराठी कॉम्प्युटरला समजायला शिकवणं. फोनला माझं बोलणं बऱ्यापैकी कळतं, सत्तरीतल्या माणसाचं कळत नाही. त्यासाठी म्हाताऱ्यांचे आवाज हवे होते. ते तिच्या चाळीत होते. चाळ रिकामी व्हायला लागली होती, निम्म्या खोल्यांना कुलपं लागली होती, माणसं कुणी शीवला, कुणी पार विरारला भाड्याने गेली होती. ती म्हणाली, "दिवाळीच्या आत जेवढे मिळतील तेवढे घेऊ. नंतर हे लोक सापडणार नाहीत."

पद्धत ठरलेली होती. माणसाला छापलेली वाक्यं द्यायची, त्याने ती माइकसमोर वाचायची. पहिले दोन आठवडे आम्ही तसंच केलं. आवाज स्वच्छ मिळाले, आणि कॉम्प्युटर त्यातून काहीच शिकेना. वाचलेलं वाक्य त्याला कळायचं, बोललेलं कळायचं नाही.

तिच्या मजल्यावर कोकणातले एक आजोबा होते, गिरणीत काम केलेले. त्यांच्या हातात आम्ही कागद दिला. त्यांनी चष्मा पुसला, ताठ बसले आणि 'आज हवामान कोरडे राहील' हे वाक्य बातम्या दिल्यासारखं वाचलं. मग घाबरून विचारलं, "बरोबर झालं ना गो?"

तिने त्यांच्या हातातून कागद काढून घेतला. भिंतीवरची एक फ्रेम खाली उतरवली, पदराने पुसावी तशी ओढणीने पुसली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. माइक तिने उशीमागे सरकवला होता, ते मला नंतर दिसलं.

"आजोबा, हा मिशीवाला कोण हो?"

"मिशीवालो? अगो, तो मी!"

"काय सांगता! एवढे केस होते तुम्हाला?"

"केस काय बघतस, हयसर बघ. ह्यो माझ्या बाजूचो. तो मेलो कामार झोपायचो आणि बोलणी माका बसायची!"

ते पाऊण तास बोलले. मधेच हसले, मधेच कुणाला तरी शिव्या दिल्या, मधेच गप्प बसले. जिना उतरताना ती म्हणाली, "कागद दिला की ही लोकं परीक्षेला बसतात गं. फोटो दिला की घरी असतात. आपण मशीनला परीक्षेचं मराठी शिकवतोय. चूक आपली आहे, मशीनची नाही."

मी ते त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं. चांगलं वाक्य ऐकलं की लिहून ठेवायची मला सवय आहे.

त्यानंतर आम्ही कागद बंद केले. प्रत्येक घरात तीच पद्धत, त्यांचाच फोटो आणि तिचे प्रश्न. कोड मी लिहिला, प्रयोग मी चालवले, पेपरही मीच लिहिला. कॉम्प्युटरच्या चुका एकदम कमी झाल्या. सर खूश झाले. "हा खरा रिसर्च," ते म्हणाले, माझ्याकडे बघून, कारण आकडे माझ्या लॅपटॉपवर होते. तिला ते 'रेकॉर्डिंगवाली' म्हणायचे. "त्या रेकॉर्डिंगवालीला सांग, अजून दहा घरं कर." ती हसायची. "रेकॉर्डिंगवाली तर रेकॉर्डिंगवाली. पेपरवर नाव आलं म्हणजे झालं."

पेपरवर नाव आलं. सरांचं, मग माझं, मग तिचं.

आम्ही दोघीही परदेशात मास्टर्ससाठी अर्ज करणार होतो, कॉम्प्युटर सायन्सला, आणि एका विद्यापीठावर दोघींचाही जीव होता, कारण भाषेवरचं हेच काम तिथे होतं. तिला ते का हवं होतं हे तिने मला दादरच्या एका उपाहारगृहात सांगितलं. समोर थालीपीठ होतं, ती लोणी बाजूला सारत होती.

"हे बघ, इथे मी काहीही केलं ना, लोक आधी यादीत माझ्या नावापुढचा कॉलम बघतात. बारावीला पण, इंजिनीअरिंगला पण. मार्क नंतर, कॉलम आधी. तू कधी बघितलायस तो कॉलम?"

मी मान हलवली, नाही अशी. ते खोटं होतं. पहिल्या वर्षी यादी लागली तेव्हा मी तिचं नाव शोधलं होतं, आणि तो कॉलमही बघितला होता.

"तिकडे तो कॉलमच नाही," ती म्हणाली. "तिथे मिळालं तर माझंच. कुणाचा बाप काही बोलू शकणार नाही. बस, मला एवढंच पाहिजे यार. नंतर परत येऊन इथे भजी तळली तरी चालेल."

तेव्हा मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी थालीपीठ खाल्लं.

ती एकदा आमच्या घरी आली होती. आईने पोहे केले, आग्रह केला, अभ्यासाची चौकशी केली. आडनाव विचारलं. तिने सांगितल्यावर आई "अच्छा" म्हणाली, आणि थोड्या वेळाने पुन्हा "अच्छा" म्हणाली. ती गेल्यावर ओटा पुसताना म्हणाली, "गोड आहे हं मुलगी. हुशारही असेल. पण त्यांना तसं सोपं जातं सगळं." मी माझ्या खोलीत निघून गेले. मी भांडले नाही याचं कारण मी लाजाळू आहे असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. खरं कारण हे की आईचं बोलणं ऐकून मला कुठेतरी बरं वाटलं होतं. हुशारीत ती माझ्या पुढे आहे हे मला कळत होतं, आणि आईने त्यावर एक सोपं उत्तर दिलं होतं.

नोव्हेंबरात आमच्या कॉलेजच्या एका ताईशी व्हिडिओ कॉल झाला. दोन वर्षांपूर्वी ती त्याच विद्यापीठात गेली होती. त्या दुपारी माझी मैत्रीण रेकॉर्डिंगला गेली होती, म्हणून कॉलवर मी एकटीच होते.

"मार्क सगळ्यांकडे असतात गं," ताई म्हणाली. "इकडे येणारा प्रत्येक जण कुठेतरी पहिला आलेला असतो. हे लोक बघतात रिसर्च. आणि रिसर्च केला म्हणजे काय, सरांनी सांगितलेलं केलं का? ते नाही. प्रश्न स्वतः काढला का, एवढंच बघतात. आणि ते कुठे कळतं? लेटरमध्ये."

"पेपर असला तर?"

"पेपरवर तीन नावं असतात. कुणी काय केलं ते त्यांना लेटरमधूनच कळतं. आणि एक लक्षात ठेव हं, लेटरमध्ये 'हार्डवर्किंग' आलं की संपलं. आपल्याकडे ते कौतुक असतं. इथे त्याचा अर्थ, पोरगी बिचारी राबते, डोकं चालत नाही. हार्डवर्किंग, सिन्सिअर, पंक्च्युअल, हे तिन्ही असलेली पत्रं आपल्या देशातून ढिगाने येतात. वाचणारे हसतात."

"आणि दोघींनी एकाच ठिकाणी अर्ज केला तर?"

"एका कॉलेजातून एकालाच घेतात बहुतेक."

संध्याकाळी मैत्रिणीला मी कॉलबद्दल सगळं सांगितलं. परीक्षेचं, अर्जासोबतच्या निबंधाचं, तारखांचं. एकीलाच घेतात हेही सांगितलं, 'बहुतेक' वगळून. ती म्हणाली, "मग काय, तू गेलीस तर मला डबा पाठव." हार्डवर्किंगचं सांगितलं नाही. त्या वेळी मनात काही ठरलेलं नव्हतं. फक्त ती एक गोष्ट माझ्याजवळ राहू दिली.

आमच्याकडे शिफारसपत्र सर लिहीत नाहीत. विद्यार्थी स्वतःचं पत्र स्वतः लिहून आणतो, सर लेटरहेडवर घेतात आणि सही करतात. सगळ्या कॉलेजात असंच चालतं आणि कुणाला त्यात काही वाटत नाही. आमच्या सरांनी तर फायलीतून डोकंही वर केलं नाही. "ड्राफ्ट करून आणा दोघी. आणि ऐक, तुझं इंग्रजी चांगलं आहे. तिचंही तूच लिहून टाक. तिचं वाचून दुरुस्त करत बसायला मला वेळ नाही."

ती बाजूलाच उभी होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "वाचवलंस बाई तू मला. मी लिहिलं असतं तर 'रिस्पेक्टेड सर मॅडम'पासून सुरुवात केली असती."

आधी मी माझं लिहिलं. शनिवारची दुपार होती, आई झोपली होती, गिरगावात आमच्या गल्लीत शनिवारी दुपारी कुणी हॉर्नसुद्धा वाजवत नाही. सरांच्या आवाजात स्वतःबद्दल लिहायचं होतं. मी लिहिलं की या विद्यार्थिनीच्या लक्षात आलं की वाचायला दिलेली वाक्यं माणसाला परीक्षेला बसवतात. तिने छापील वाक्यांऐवजी लोकांच्या घरातले फोटो वापरायची कल्पना मांडली. प्रश्न तिने स्वतः शोधला. वही उघडून मैत्रिणीचं जिन्यावरचं वाक्य मी इंग्रजीत आणलं. इंग्रजीत ते अजून चांगलं झालं.

मी चोरी करतेय असं मला वाटलं नाही. मी स्वतःला म्हणाले, काम दोघींचं आहे, कोड माझा आहे, पेपर मी लिहिलाय, आणि त्या दिवशी मीही त्या खोलीत होते.

मग तिचं लिहायला घेतलं. तिने मुद्दे व्हॉइस नोटवर पाठवले होते. मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. "ए, फोटोंचं लिही हं नक्की. ते सगळ्यात भारी आहे आपलं. बाकी तुला सुचेल ते. थँक्यू गं, खरंच."

आणि तेव्हा लक्षात आलं की ते वाक्य वापरून झालं होतं. दोन्ही पत्रं एकाच सरांची, एकाच समितीसमोर जाणार. एकच कल्पना दोघींना सुचली असं एक माणूस दोनदा लिहू शकत नाही. दोघींपैकी एकीच्या पत्रातून ते काढावं लागणार होतं. माझं पत्र पूर्ण झालं होतं. तिचं अजून कोरं होतं. एवढंच.

मी लिहिलं, ही विद्यार्थिनी अत्यंत हार्डवर्किंग आहे. सिन्सिअर आहे. पंक्च्युअल आहे. तिने डेटा कलेक्शनमध्ये उत्साहाने भाग घेतला. सांगितलेलं काम ती नेहमी वेळेत पूर्ण करते. तिचा स्वभाव आनंदी आहे. मला अर्धा तास लागला. एकही वाक्य खोटं नव्हतं.

सोमवारी लॅबमध्ये तिने ते वाचलं. बोट ओळीवर ठेवून वाचायची तिची पद्धत होती. "भारी आहे गं. सरांना मी एवढी आवडते मला माहीतच नव्हतं." मग बोट थांबलं. "फोटोंचं?"

"डेटा कलेक्शनमध्ये आलं ते. पत्रात एवढं डिटेल नसतं. पेपरमध्ये आहेच."

"हो का? बरं." तिने लगेच मान्य केलं. इंग्रजीच्या बाबतीत ती माझं सगळं मान्य करायची. सरांनी दोन्ही पत्रांवर सही केली, न वाचता.

डिसेंबरात, अर्जाची शेवटची तारीख मंगळवारी होती. त्याच्या आदल्या रविवारी तिच्या आईने मला जेवायला बोलावलं. तिची आई परळच्या एका हॉस्पिटलात आयाबाई होती, रविवारी सुट्टी. बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी होती. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. जेवण झाल्यावर तिच्या आईने हात पुसले, कपाटातून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेली पत्राची प्रत काढली आणि माझ्या हातात दिली.

"बाळ, हे वाचून सांग मला. हिला विचारलं की म्हणते, चांगलंच लिहिलंय गं, आणि टाळते. मला सगळं ऐकायचंय. एकेक ओळ."

ती मोरीत ताटं घासत होती. तिथूनच ओरडली, "आई, अगं किती वेळा!"

मी वाचायला लागले. एक ओळ इंग्रजीत बघायची आणि मराठीत सांगायची.

"ही मुलगी खूप मेहनती आहे."

"आहेच," तिची आई म्हणाली.

"प्रामाणिक आहे. वेळेवर येते."

"येते. दहा मिनिटं आधीच निघते घरातून."

"दिलेलं काम वेळेत करते."

आई मान डोलवत होती, पण थांबली होती. अजून काहीतरी येईल म्हणून वाट बघत होती. हॉस्पिटलात तिच्याबद्दलही हेच म्हणत असणार, मेहनती आहे, वेळेवर येते, सांगितलेलं करते. तिला ते ओळखीचं होतं. मुलीच्या पत्रात तिला वेगळं काही ऐकायचं होतं. मला तो चेहरा सहन झाला नाही, आणि मी कागदावर नसलेलं बोलून गेले.

"आणि लिहिलंय की, कुणालाच न सुचलेली गोष्ट हिला सुचली. लोकांना कागद वाचायला न देता त्यांचेच फोटो दाखवायचे. त्याने सगळं काम बदललं. हिला स्वतःचं डोकं आहे, असं सर म्हणतात."

तिच्या आईने तोंडावर हात ठेवला. डोळे भरले. "असं लिहिलंय? सरांनी?"

मोरीतलं पाणी बंद झालं. ती ओल्या हातांनीच बाहेर आली.

"कुठे लिहिलंय ते?"

"दुसऱ्या परिच्छेदात. अर्थ तसाच होतो."

तिने माझ्या हातातून कागद घेतला. बोट न ठेवता वाचला. मग आईकडे बघून हसली. "बरोबर आहे आई. इंग्रजीत कमी शब्दांत लिहितात."

मी निघाले तेव्हा ती गॅलरीच्या टोकापर्यंत सोडायला आली. कुलूप लावलेल्या खोल्यांसमोर आम्ही उभ्या राहिलो. तिने आवाज खाली आणला, तो तिचा स्वभाव नव्हता.

"जे आत्ता बोललीस ते पत्रात टाकता येईल का? एकच ओळ. सरांना मी विचारते."

"आता नाही होणार. सरांनी अपलोड केलं."

"कधी?"

"शुक्रवारी."

"नक्की?"

"नक्की."

"बरं," ती म्हणाली. "नीट जा."

सरांनी अपलोड केलं नव्हतं. सोमवारी दुपारी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "पासवर्ड तुला माहीत आहे. दोघींचं टाकून दे आज, उद्या मला मीटिंग आहे." आणि ते फोनवर बोलत गॅलरीत गेले. त्यांच्या खुर्चीत बसून मी दोन्ही अर्ज उघडले. पत्राआधी एक तक्ता असतो. विद्यार्थ्याची संशोधनाची क्षमता किती, त्यावर खूण करायची. माझ्या नावापुढे मी 'आतापर्यंतच्या सर्वोत्तमांपैकी' यावर खूण केली. तिच्या नावापुढे 'सरासरीपेक्षा चांगली'.

तिचं पत्र मी उघडलं. लेटरहेड आणि सही फाइलमध्येच होती, एक ओळ घालायला पाच मिनिटं लागली असती. तेव्हाही मला घालता आली असती. माझ्या पत्रातली ओळ थोडी सौम्य करून दोघींमध्ये वाटताही आली असती, हे मला तेव्हाही सुचलं होतं. मी पूर्ण पत्र वाचलं. एक स्वल्पविराम चुकला होता. तो दुरुस्त केला आणि पाठवलं.

जानेवारीत त्या विद्यापीठातल्या एका बाईंनी मला मुलाखतीला बोलावलं, सकाळी साडेसहाला, व्हिडिओवर. तिला बोलावणं आलं नाही. आई हळू पावलांनी घरात वावरत होती. बाई चांगल्या होत्या, सावकाश बोलायच्या. त्यांनी विचारलं, "फोटोंची कल्पना तुला कुठून सुचली?"

मला वाटलं होतं माझा आवाज बसेल. बसला नाही. मी म्हणाले, आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात, गिरणी कामगार. आमची चाळ आता पाडणार आहेत. खोली दहा बाय सोळाची. भिंतीवर एक फ्रेम होती. मी ती खाली काढली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.

बाईंनी चष्मा काढला. "तू अशा ठिकाणाहून इथपर्यंत आलीस," त्या म्हणाल्या.

मी मान खाली घातली. लाजल्यासारखी दिसले असेन. स्वयंपाकघरात आई उभी होती. तिला सगळं इंग्रजी कळतं. कॉल संपल्यावर तिने चहा गाळला आणि माझ्यासमोर ठेवला. त्या विषयावर ती आजपर्यंत बोललेली नाही.

मार्चमध्ये मला प्रवेश मिळाला. तिने तीन ठिकाणी अर्ज केला होता, तिन्हीकडे तेच पत्र गेलं होतं. तिन्हीकडून नकार आला. आईने इमारतीत पेढे वाटले. मैत्रिणीनेही फोन केला, "अभिनंदन गं," म्हणाली, आवाज नेहमीसारखा मोठा. मी म्हणाले, "तुझं पुढच्या वर्षी नक्की होईल." ती म्हणाली, "बघू."

मे महिन्यात लॅबमधलं आमचं सामान परत द्यायचं होतं. आम्ही जमिनीवर बसून माइकच्या वायरी गुंडाळत होतो. सर नव्हते. तिने तिची वायर गुंडाळून पूर्ण केली, रबर लावला, मग फोन माझ्यासमोर धरला.

एक आपोआप आलेला ईमेल होता. 'आपल्या शिफारसकर्त्यांनी पत्र सादर केले आहे.' खाली तारीख होती, सोमवारची. वेळ चार वाजून बारा मिनिटं.

तसाच ईमेल मलाही आला होता. मी वाचून पुसून टाकला होता. तिलाही येईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तांत्रिक गोष्टी मी एवढ्या बारकाईने बघते, आणि हे राहिलं.

"तू म्हणालीस शुक्रवारी," ती म्हणाली.

मी हातातली वायर गुंडाळत राहिले.

"मी सरांना नंतर विचारलं, सोमवारी तुम्हीच टाकलं का? ते म्हणाले, नाही, तिने टाकलं, मला वेळ कुठे असतो."

"तुला डिसेंबरपासून माहीत होतं?"

"हो ना."

"मग बोलली का नाहीस?"

"बघत होते, तू बोलतेस का." तिने दुसरी वायर हातात घेतली. "पाच महिने रोज चहा प्यायलो आपण. म्हटलं, लाजते बिचारी, वेळ लागत असेल."

ती रडत नव्हती. चिडलेलीही दिसत नव्हती, आणि त्यामुळे मला पळून जावंसं वाटलं. ती चिडली असती तर मी गप्प बसून ऐकून घेतलं असतं. ते मला जमतं.

"आता काय हवंय तुला?" मी विचारलं. प्रश्न माझ्या अपेक्षेपेक्षा कोरडा निघाला.

"एक मेल. सरांना. फोटोंचं माझं होतं, एवढं लिही. पुढच्या वर्षी मी परत अर्ज करीन तेव्हा ते पत्रात आलं पाहिजे. माझ्या तोंडून सरांना खरं वाटणार नाही, त्यांच्यासाठी मी रेकॉर्डिंगवाली. तुझं खरं वाटेल."

"सर विचारतील, मग माझ्या पत्रात ते कसं आलं."

"विचारतील."

"ते विद्यापीठाला कळवतील."

"ते? त्यांना स्वतःचा पासवर्ड टाकायचा कंटाळा येतो. ते कुणाला काय कळवणार." ती हसली. "तुझं काही जाणार नाही गं. माझं माझ्याकडे येईल, बस."

तिचं म्हणणं बरोबर होतं. सर काहीही करणार नव्हते. त्यांनी पत्रं वाचलीच नव्हती, उगाच ते उकरून काढणं त्यांनाच अडचणीचं होतं. धोका जवळजवळ नव्हता. तरी मला एकदा कुठेतरी लिहून द्यावं लागलं असतं की ते मला सुचलं नव्हतं. मुलाखतीतली ती चाळ, ती फ्रेम, बाईंचा चेहरा, हे सगळं तोपर्यंत माझं झालं होतं. मी ते इतक्या जणांना सांगितलं होतं की खोली मला आतून आठवायची, जणू मी तिथे वाढले होते.

"मला नाही जमणार," मी म्हणाले.

दुकानदाराला, रिक्षावाल्याला, सरांना, आईला, मला कुणालाच कधी तोंडावर नाही म्हणता आलेलं नाही. हे मी एका दमात म्हणाले.

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. ओळखीचं माणूस गर्दीत दिसावं आणि जवळ गेल्यावर दुसरंच निघावं, तसं. मग उरलेल्या वायरी एकटीनेच गुंडाळल्या, कपाटाला कुलूप लावलं, किल्ली खिळ्यावर अडकवली आणि गेली. मी ऑगस्टमध्ये निघाले. ती विमानतळावर आली नाही, फोनही आला नाही. परळच्या एका कंपनीत तिला नोकरी लागल्याचं कॉलेजच्या ग्रुपवर कळलं. मी खाली अंगठ्याचा इमोजी टाकला.

इथे आता माझं दुसरं वर्ष आहे. परवा आमच्या विभागाने नव्या अर्जांची पहिली छाननी करायला काही जुन्या विद्यार्थ्यांना बसवलं. पत्रं वाचायची आणि शेरा लिहायचा. ताई म्हणाली होती ते खरं आहे. आपल्याकडून आलेल्या पत्रांत हार्डवर्किंग, सिन्सिअर, पंक्च्युअल भरभरून असतं, आणि माझ्या शेजारी बसलेला मुलगा ते मोठ्याने वाचून हसत होता. मीही हसले.

भारतातल्या अर्जांची यादी माझ्याकडे होती. मी काम सुरू करण्याआधी तिचं नाव शोधलं. नुसतं आडनाव टाकून शोधलं, मग नाव टाकून. नव्हतं. तिने दुसरीकडे अर्ज केला असेल, किंवा कुठेच केला नसेल. मला बरं वाटलं. मग मी पहिलं पत्र उघडलं.